मंदाताईंची रविवारची हजेरी

मंदाताई अकोलकरांनी आमची बेल पहिल्यांदा वाजवली ती तक्रार घेऊन.

सिंगापुरात क्वीन्सटाउनमधल्या आमच्या जुन्या ब्लॉकला अकराव्या मजल्यावर एक लांब सामाईक गॅलरी आहे. तिच्यावर चौदा फ्लॅट. आमचा सहावा. शनिवारची सकाळ होती. दार उघडलं तर सुती साडीतल्या, सत्तरीकडे झुकलेल्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात वॉकीटॉकीसारखं दिसणारं काळं यंत्र होतं आणि त्यातून घुंऽऽ असा आवाज येत होता.

"तोरणावरून मराठी वाटलात. मी अकोलकर, अकरा नंबरमधली. माफ करा हं, पण तुमच्या घरात कुणीतरी सारखं ओरडतंय."

"घरात मी एकटाच आहे," मी म्हणालो. "आणि मी पेपर वाचतोय."

"मग तुमची एखादी वस्तू ओरडत असेल. आत येऊ का?"

चपला बाहेर काढून त्या आत आल्या. स्वयंपाकघराकडे यंत्र धरलं, आवाज कमी झाला. हॉलकडे वळल्या, वाढला. माशांच्या टाकीपाशी गेल्यावर यंत्राने अक्षरशः किंकाळी फोडली. टाकीच्या दिव्याचा स्वस्तातला अडॅप्टर मी काढला आणि एकदम शांत झालं.

"तीन आठवडे शोधत होते," त्या म्हणाल्या. "आधी माझंच घर धुंडाळलं, फ्रिजपासून इस्त्रीपर्यंत. मग एकेक दार. मासे बिचारे गप्प आणि त्यांचा दिवा बोंबलतोय."

दुसऱ्या दिवशी मी बऱ्यापैकी अडॅप्टर आणला. त्या यंत्र घेऊन तपासायला आल्या आणि "पास" म्हणाल्या. चहा घेतला. आमची ओळख झाली ती अशी, आणि ती एकूण सात महिने टिकली.

त्यांची मुलगी अनघा बुओना व्हिस्टाजवळच्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक करत होती. सकाळी आठला जायची, संध्याकाळी सातला यायची. मधले अकरा तास मंदाताईंचे. टीव्ही त्यांना आवडत नसे. "त्यातल्या माणसांना माहीत असतं की आपल्याला कुणीतरी बघतंय," असं त्यांचं त्यावर मत. अनघाच्या एका जपानी सहकाऱ्याने देश सोडताना सामान वाटलं, त्यात रेडिओवरची बोलणी ऐकायचा हा हातातला स्कॅनर अनघाच्या वाट्याला आला. तिने तो कपाटात टाकला आणि आईने बाहेर काढला.

मंदाताई मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं ऑपरेटर होत्या. लोक ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघत, त्या काळात भरती झालेल्या. त्यामुळे आकडा सांगायची त्यांची एक पद्धत होती. पंचेचाळीस त्या कधी म्हणत नसत, "चार, पाच" म्हणत. आणि समोरच्याने आकडा सांगितला की तो लगेच परत म्हणून दाखवत. मी एकदा सहज म्हणालो, "बाजारातून दीड किलो आंबे आणले." त्या म्हणाल्या, "एक, पाच. दीड किलो. बरं." माझं सारं काम यंत्रांच्या बिघाडांचे आकडे तपासण्याचं. मला ही सवय फार आवडली.

स्कॅनर कसा वापरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. हे यंत्र फक्त ऐकतं, त्यातून बोलता येत नाही. आपण भरून ठेवलेल्या जागांवरून, म्हणजे फ्रिक्वेन्सींवरून, ते एकामागून एक फिरत राहतं, आणि जिथे आवाज सापडेल तिथे थांबतं. पहिल्या दिवशी मी ते हातात घेऊन बटणं दाबायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं.

"आधी काही करायचं नाही. नुसती खरखर ऐका."

एक छोटी खुंटी उलटी फिरवून त्यांनी खरखर मोठी केली. मिनिटभर आम्ही ती ऐकत बसलो. मग त्यांनी खुंटी हळूहळू सुलटी फिरवली, आणि खरखर जिथे बंद पडली तिथेच बोट उचललं.

"ही खरखर अडवायची खुंटी. नवा माणूस काय करतो, अजून फिरवतो. वाटतं, शांत झालं, छान झालं. पण त्याच्यापुढं फिरवलंत की लांबची, बारीक आवाजाची माणसंपण अडतात. खरखर थांबली की आपणही थांबायचं."

"म्हणजे किती अंश?" मी विचारलं.

"अहो श्रीकांतराव, अंश कसले? हे रोज वेगळं असतंय. रोज ऐकून ठरवायचं."

मी तरीही पंधरा दिवस अंश टिपून पाहिले. रोज वेगळे आले.

यंत्र हातात आलं तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं, तर ते बंद ठेवलं. इथे काय ऐकायला परवानगी आहे आणि काय नाही, हे अनघाला विचारायला लावलं. उत्तर येईपर्यंत नऊ दिवस त्यांनी बटणाला हात लावला नाही. मग यंत्रातल्या बाकी सगळ्या जागा वगळल्या आणि हौशी रेडिओवाल्यांच्या तेवढ्या ठेवल्या. हे लोक परवाना काढून आपापल्या घरून एकमेकांशी बोलतात, आणि ते कुणीही ऐकलेलं त्यांना चालतं.

"मग एवढं कडक कशाला?" मी विचारलं. "यंत्र तर सगळंच पकडतं."

"एक्स्चेंजचं बोर्डपण सगळंच पकडायचं. दोन माणसं जोडून दिली, बोलायला लागली, की आपली ऐकायची चावी बंद करायची. लग्नं ठरायची, मोडायची, माणसं गेल्याचे निरोप यायचे. आम्हाला 'हॅलो' ऐकायचा हक्क. पुढचं आमचं नाही. दोघं बोलायला लागले की आम्ही नाहीशा."

हे त्या अभिमानाने सांगत, पण थोडं खाली बघून.

रविवारी सकाळी दहाला त्या हौशी मंडळींची हजेरी होई. एक वयस्कर गृहस्थ, आवाजावरून जहाजावर नोकरी केलेले वाटत, एकेक नाव पुकारत आणि तोआ पायोहपासून पार पूर्व टोकापर्यंतची माणसं ओ देत. त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. मंदाताई त्यांना 'सुपरवायझर' म्हणत. घरात हे नीट ऐकू येत नव्हतं. मग मंदाताईंनी गॅलरीत प्रत्येक दारासमोर उभं राहून आवाजाला पाचपैकी गुण दिले. आमच्या दाराला तीन मिळाले. पाच गुण फक्त एका जागेला, चौदाव्या दारापलीकडच्या टोकाला. तिथे एका चिनी अंकलच्या ऑर्किडच्या कुंड्या होत्या. दर रविवारी ही बाई यंत्र कानाला लावून आपल्या कुंड्यांत का उभी राहते, हे अंकलना कळेना.

"ऑन्टी, यू गार्ड माय प्लांट आह?"

"नो अंकल. युअर प्लेस इज बेस्ट. फाइव्ह आउट ऑफ फाइव्ह."

"फाइव्ह आउट ऑफ फाइव्ह! माय वाइफ नेव्हर गिव्ह मी सो मच, लाह."

पुढच्या रविवारी दोन कुंड्या सरकलेल्या होत्या आणि मध्ये एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं.

हजेरी चालू असताना मंदाताई लिहून घेत. अनघाच्या रद्दी झालेल्या कागदांच्या पाठीवर पट्टीने रकाने आखलेले असत: तारीख, वेळ, कोण बोललं, किती स्पष्ट, काय म्हणालं. या हौशी लोकांत एक जुनी रीत आहे. नुसता ऐकणारासुद्धा आपली नोंद टपालाने पाठवू शकतो. ती त्यांच्या वहीशी जुळली, की ते एक छापील कार्ड पाठवतात: तुम्ही आम्हाला ऐकलंत, हे खरं आहे.

ही रीत कळली त्या दिवशी मंदाताई आमच्याकडे थेट पोहे चालू असताना आल्या.

"पोच देतात हो! ऐकल्याची पोच!" त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं ऐकलं, कुणी एक चिठ्ठी दिली नाही. अनघाचं इथलं काम दोन महिन्यांत संपतंय. मग आम्ही पुण्याला. त्याच्याआधी एक कार्ड मिळालं की झालं."

माझी बायको म्हणाली, "मिळेल की ताई. तुमच्याइतकं नीट कोण लिहितं?"

त्यांनी पहिल्या रविवारची नोंद पाठवली. दहा दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं. कळवलेल्या वेळी आमची हजेरी नव्हती, नोंद जुळत नाही. त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं पत्र आलं. तोवर दुसऱ्या रविवारची नोंद गेली होती. तीही परत. तिसरी त्यांनी अधिक बारकाईने लिहिली, कोण खोकलं तेही लिहिलं. तीही परत. चौथी परत आली तेव्हा त्या आमच्याकडे आल्याच नाहीत. मीच गेलो.

अनघा घरी होती. तिने मला दाराशीच हळू आवाजात सांगितलं, "काका, आईचे कान तपासून घ्यायला गुरुवारची वेळ घेतलीय. कधीकधी वय झालं की नसलेले आवाज ऐकू येतात म्हणे. तिला रागावून नाही बोलले मी. पण चारही वेळा असं कसं होईल?"

तिचंही चुकत नव्हतं. चारपैकी चार म्हणजे योगायोग नव्हे, हे मीही मानतो.

मंदाताई टेबलापाशी बसल्या होत्या. यंत्र बंद, त्याची दोरी त्याच्याभोवती व्यवस्थित गुंडाळलेली.

"एक्स्चेंजात माझं कॉलच्या नोंदीचं एक तिकीट कधी वेळेवरून परत आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कॉल कधी जोडला, कधी तुटला, मिनिटाचा फरक नाही. आता ही पोरगी म्हणते कान दाखवू. दाखवू की. पण श्रीकांतराव, ती माणसं मी ऐकली का नाही? का मनानंच ऐकली? एवढंच मला सांगा कुणीतरी. कार्ड राहू दे आता."

मी त्यांच्यासोबत कधी हजेरी ऐकायला बसलो नव्हतो. रविवारी दहाला मी बाजारात असतो. म्हणून मला येतं तेवढंच मी केलं. म्हणालो, "मला तुमचे कागद द्या. मी ते संगणकावर उतरवून बघतो."

"उतरवा. पण मूळ कागद परत द्या. आणि खोडू नका काही."

चार रविवार, एकूण सत्त्याण्णव नोंदी. बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी त्या भरायला बसलो. हौशी लोक जगभर एकच प्रमाणवेळ लिहितात, ती सिंगापूरच्या आठ तास मागे. हे अनघाने आईला समजावून दिलेलं होतं, आणि तारीखही कधीकधी एक दिवस मागे जाईल हेही सांगितलेलं होतं. मंदाताईंच्या कागदावर चारही हजेऱ्या शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होत होत्या.

दहातून आठ गेले, दोन. रविवारचे पहाटेचे दोन यायला हवेत. मी तीनदा वजाबाकी केली. फरक अडीच तासांचा. चारही वेळा अडीचच तासांचा, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

अडीच तास म्हणजे काय, हे सिंगापुरातल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आईला फोन करताना आपण रोज ते वजा करतो.

मी कागद घेऊन अकरा नंबरला गेलो. माझ्या फोनवर सात वाजले होते. मंदाताईंनी दार उघडलं आणि मी आधी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळात साडेचार वाजले होते.

"मंदाताई, हे घड्याळ?"

"मिरजेचं आहे. म्हणजे वेळ मिरजेची. तिथं आता काय वाजलं असेल ते सारखं मनात धरायला नको, म्हणून बदललंच नाही."

"आणि हजेरीची वेळ लिहिताना?"

त्या उत्तर देणार होत्या, पण थांबल्या. मनगटाकडे पाहिलं. मग माझ्या हातातला कागद घेतला आणि ओठ हलवत आकडा आकडा मोजला. "सात, तीन, शून्य. त्यातनं आठ." त्यांनी इथल्या वेळेतून वजा करायचे आठ तास मिरजेच्या वेळेतून वजा केले होते. चारही रविवारी, अत्यंत काटेकोरपणे.

त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आपण सांगायला नको होतं. दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं असतं तर बरं. मग त्या अनघाला म्हणाल्या, "बघ गं. कान बरोबर होते."

अनघाने आईचं डोकं पोटाशी धरलं. "सॉरी आई."

"सॉरी कशाला? आकडे माझे चुकले. पेन आण."

पत्राचा मसुदा मी केला. त्यात लिहिलं, 'घड्याळातील तफावतीमुळे वेळेत फरक पडला.' त्यांनी तो वाचून परत केला.

"घड्याळाला कशाला मध्ये घेता? घड्याळ बरोबर चाललंय. लिहा, चूक माझी आहे."

शेवटी त्यांनी स्वतःच इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली: वेळ लिहिण्यातली चूक माझी. ऐकण्यात चूक नाही. चारही नोंदींत जुन्या वेळेवर एकच सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि वर नवी वेळ लिहून बाजूला सही केली. अशा सत्त्याण्णव सह्या. मी म्हणालो, पहिल्या पानावर एक पुरे. त्या म्हणाल्या, "प्रत्येक कॉल वेगळा असतो."

गुरुवारी कान तपासायला त्या गेल्याच. घेतलेली वेळ मोडायची नाही. उजवा कान उत्तम निघाला, डावा थोडा कमी. "डाव्यावर हेडफोन असायचा," त्या येऊन म्हणाल्या. "त्यानं जास्त नोकरी केली, त्याला विश्रांती हवीच."

आता त्यांच्या जाण्याला अडीच आठवडे उरले होते. पहिला रविवार गेला, पत्र नाही. अनघा खालच्या टपालपेटीजवळ दिवसातून दोनदा चक्कर मारत होती आणि आईला ते कळू नये म्हणून कचरा टाकायला जाते म्हणत होती. सामान भरायला सुरुवात झाली. मंदाताईंनी पत्राचं नाव काढलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आपण जोडून दिलं. आता ती दोघं आणि त्यांचं बोलणं." पण लिफ्टमधून उतरल्यावर त्याही टपालपेट्यांकडे वळून बघत, हे मी दोनदा पाहिलं.

कार्ड पुढे आलं. त्या गेल्यावर नऊ दिवसांनी, चार नोंदींची चार कार्डं. अनघाने घर सोडताना पत्ता आमचा दिला होता, म्हणून मीच ती पुण्याला पाठवली. पण मंदाताई आठवल्या की मला कार्डं आठवत नाहीत. मला त्यांचा इथला शेवटचा रविवार आठवतो. बुधवारी त्या निघाल्या तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो, त्यामुळे मी त्यांना नीट पाहिलं ते त्याच दिवशी.

त्या रविवारी मी बाजारात गेलो नाही. दहाला पाच कमी असताना गॅलरीच्या टोकाला मंदाताई स्टुलावर, अनघा आणि मी भिंतीला टेकून, आणि अंकल पाण्याची झारी घेऊन उगाचच तिथे. हजेरी सुरू झाली. एक नाव, मग ओ देण्यापुरती जागा, मग आलेलं उत्तर. मंदाताई लिहीत होत्या. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कागदावरची माणसं खरोखर होती. त्यांतला एक खरोखर खोकत होता.

सगळी नावं झाली. मग सुपरवायझर म्हणाले, "वन मोअर. लिसनर. मॅडम अकोलकर, क्वीन्सटाउन. नाइन्टी-सेव्हन एंट्रीज. वुई चेक्ड. ऑल करेक्ट."

मंदाताईंचं पेन थांबलं.

"मॅडम, वुई नो यू कॅनॉट आन्सर. बट आय कॉल युअर नेम, सो आय मस्ट वेट फॉर यू."

आणि ते थांबले. आवाज असला की लागणारा यंत्रावरचा छोटा दिवा विझला. शहरभर वीस-बावीस माणसं आपापल्या घरी बोट बटणावरून उचलून बसली होती, कुणी मध्ये बोललं नाही. अंकल "ऑन्टी, दे कॉल यू!" असं काहीतरी म्हणणार होते, ते झारी धरून तसेच उभे राहिले.

मंदाताई स्टुलावरून उठल्या. पदर सारखा केला. त्या यंत्रातून काही जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी यंत्र तोंडासमोर धरून, मी त्यांच्याकडून कधी न ऐकलेल्या खणखणीत, सरकारी आवाजात त्या म्हणाल्या, "अकोलकर. मी लाइनवर आहे."

बाकीच्यांसाठी सुपरवायझर चार-पाच सेकंद थांबत होते. मी मनात मोजत होतो. त्यांच्यासाठी ते अकरा सेकंद थांबले.

"थँक यू, मॅडम," यंत्रातून आलं.

त्या खाली बसल्या आणि लिहून घेऊ लागल्या.